प्रश्न वाचकांचे : दुर्बिणीतून छायाचित्रणासाठी गायडिंगचे साहित्य

परतीचा पाऊस ओसरू लागला, की आकाशाचे फोटो काढणाऱ्या वाचकांची पत्रे वाढतात, आणि यंदा त्यांतली बरीच पत्रे गायडिंग या एकाच विषयावरची आहेत. मुख्य दुर्बिणीच्या जोडीला दुसरा छोटा कॅमेरा, बहुतेकदा गाइड स्कोप नावाच्या छोट्या दुर्बिणीवर, लावून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवायची आणि तो तारा जागचा हलला, की दुर्बीण धरून ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या माउंटच्या मोटारींना दुरुस्तीचा इशारा द्यायचा, या व्यवस्थेला गायडिंग म्हणतात. त्यासाठी काय घ्यावे, असे विचारणारी मराठवाड्यातली सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण त्यातला हिशेब पुढच्या बहुतेक उत्तरांना लागतो.

प्रश्न : माझ्याकडे ७२ मिलिमीटर व्यासाची आणि ४२० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर कॅमेरा आणि एचईक्यू-५ माउंट आहे. एका मिनिटाच्या पुढे एक्स्पोजर नेले, की तारे लांबट येतात. विक्रेत्याच्या मते मी ६० मिलिमीटरचा गाइड स्कोप आणि मोठ्या सेन्सरचा महाग गाइड कॅमेरा घ्यावा. एक परिचित म्हणतात, की ३० मिलिमीटरचा छोटा गाइड स्कोप पुरेल. मी कोणाचे ऐकावे?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या साहित्यापुरते आपल्या परिचितांचे म्हणणे बरोबर आहे. ते का बरोबर आहे, हे एकदा हिशेबाने पाहून घेतले, म्हणजे पुढे दुर्बीण बदलली तरी आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल.

आकाशातली अंतरे कोनात मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात. आर्कसेकंद म्हणतात ती हीच विकला. पृथ्वीच्या परिवलनामुळे वैषुविक वृत्ताजवळचा, म्हणजे विषुववृत्ताच्या नेमक्या वर येणाऱ्या आकाशातल्या वर्तुळाजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. आपल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाच्या किती विकला व्यापतो, हे काढण्यासाठी पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागावे. आपल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचा असल्याने उत्तर १.८ विकला येते. माउंट बंद ठेवले, तर तारा एका सेकंदात आठ पिक्सेल ओलांडून जाईल, असा याचा अर्थ आहे.

माउंट चालू असतानाही तारा पूर्णपणे स्थिर राहत नाही. एचईक्यू-५ च्या विषुवांश अक्षावर, म्हणजे ताऱ्यांच्या मागे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षावर, १३५ दात्यांचे चक्र असते आणि ते वर्म गिअरने फिरते. अक्षाची एक पूर्ण प्रदक्षिणा २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणजे वर्मचा एक फेरा ६३८ सेकंदांत, साधारण साडेदहा मिनिटांत पुरा होतो. वर्म कितीही काळजीने कापलेला असला, तरी त्यात किंचित वाकडेपणा राहतोच, आणि त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तारा पूर्व-पश्चिम दिशेने हळूहळू पुढे-मागे झुलतो. याला आवर्ती त्रुटी म्हणतात. या वर्गातल्या माउंटांमध्ये हा झोका २०-३० विकलांचा असणे नेहमीचे आहे, म्हणजे आपल्या फोटोत अकरा ते सोळा पिक्सेल. एका मिनिटानंतर तारे लांबट दिसतात, त्यामागचे मोठे कारण हे आहे.

आता हा झोका पकडायला नजर किती सूक्ष्म हवी, ते पाहू. ३० मिलिमीटर व्यासाच्या गाइड स्कोपचे नाभीय अंतर सहसा १२० मिलिमीटर असते. त्यावर ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलमध्ये ६.४ विकला मावतात. मुख्य कॅमेऱ्याच्या १.८ विकलांपुढे हे फार भरड वाटते, आणि इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. ताऱ्याचा प्रकाश एका पिक्सेलवर न पडता तीन-चार पिक्सेलांवर पसरतो, आणि त्या पसरलेल्या उजेडाचा मध्यबिंदू सॉफ्टवेअर एका पिक्सेलच्या पाचव्या ते दहाव्या भागाइतक्या अचूकतेने काढू शकते. म्हणून ६.४ विकलांच्या पिक्सेलनेही साधारण एका विकलेच्या आसपासची हालचाल कळते. गाइड कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमधल्या विकला मुख्य कॅमेऱ्याच्या चौपटीच्या आत असाव्यात, हा नियम मी पाळतो. आपल्या बाबतीत हे प्रमाण साडेतीन पट येते. ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या स्कोपने ते दोनपटीवर येईल. ६० मिलिमीटरच्या २४० नाभीय अंतराच्या स्कोपने त्यात फारशी भर पडत नाही, वजन आणि लांबी मात्र वाढते, आणि लांब नळी वाऱ्यात व तिरप्या स्थितीत अधिक लवते.

तेव्हा पुढच्या दोन-तीन वर्षांत हीच दुर्बीण वापरायची असेल, तर ३० मिलिमीटरचा स्कोप घ्यावा. ७०० किंवा ८०० मिलिमीटरच्या दुर्बिणीकडे जायचा विचार असेल, तर आताच ५० मिलिमीटरचा घ्यावा, म्हणजे खर्च दोनदा होणार नाही. कॅमेरा एकरंगी घ्यावा, कारण रंगीत कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलवरची रंगीत गाळणी बराच प्रकाश अडवते आणि गायडिंगला रंगाचा उपयोग नसतो. झेडडब्ल्यूओचा एएसआय १२० एमएम मिनी किंवा त्याच वर्गातला कोणत्याही कंपनीचा १२८० बाय ९६० पिक्सेलचा कॅमेरा आपल्याला पुरेसा आहे.

वाचलेले पैसे गाइड स्कोप घट्ट बसवण्यावर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. एका डिसेंबरात बालाघाटच्या माळावर मी जवळपास आपल्यासारख्याच साहित्याने देवयानी दीर्घिकेचे पाच-पाच मिनिटांचे वीस फोटो काढले. लॅपटॉपवरचा गायडिंगचा आलेख रात्रभर सपाट होता, चूक ०.७ विकलांच्या वर गेली नव्हती. पण प्रत्येक फोटोतला प्रत्येक तारा एकाच दिशेने लांबट होता. मी आधी गाइड कॅमेरा बदलून पाहिला, मग सॉफ्टवेअरमधले आकडे बदलत दोन रात्री घालवल्या. शेवटी पहिला आणि विसावा फोटो एकावर एक ठेवला, तेव्हा दिसले, की १०० मिनिटांत संपूर्ण चित्र ४० पिक्सेल सरकले होते, म्हणजे पाच मिनिटांच्या प्रत्येक फोटोत दोन पिक्सेल. गाइड स्कोप आपल्या ताऱ्याला अचूक धरून होता, पण तो स्वतःच मुख्य दुर्बिणीच्या तुलनेत हळूहळू कलत होता. त्याची नळी दोन कड्यांमध्ये प्लास्टिकच्या टोकांच्या सहा स्क्रूंनी अडकवलेली होती, आणि नळीच्या टोकाला करंगळीने दाबले तरी ती हलते, हे हाताला स्पष्ट कळत होते. ती कडी काढून नळी दोन अखंड धातूच्या पकडींत आवळली आणि त्याच रात्री तारे गोल आले. स्क्रूंची ती कडी गाइड तारा शोधण्यासाठी नळी इकडे-तिकडे वळवता यावी, म्हणून करत असत. आजचे कॅमेरे इतके संवेदनशील आहेत, की नळी वळवण्याची गरजच पडत नाही. शिवाय कॅमेऱ्याची केबल हवेत लोंबकळत न ठेवता ती पट्टीने मुख्य नळीला बांधावी, कारण लोंबणारी केबलही स्कोपला ओढते.

प्रश्न : माझी दुर्बीण ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन आहे, माउंट ईक्यू-६ वर्गातले आहे आणि नाभीय अंतर कमी करणारा ०.६३ चा रिड्यूसर आहे. मुख्य कॅमेरा ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा थंड केलेला खगोलीय कॅमेरा आहे. गाइड स्कोप पुरेल, की ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर घ्यावा लागेल?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरच घ्यावा, आणि याबाबत मला दुमत दिसत नाही. या प्रकारच्या दुर्बिणीत फोकस करण्यासाठी मुख्य आरसाच आतल्या नळीवर पुढे-मागे सरकतो. जो आरसा सरकू शकतो, तो दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताना थोडा कलतोही. ही हालचाल दुर्बिणीच्या आत होत असल्याने बाहेर बसवलेल्या गाइड स्कोपला ती कधीच दिसत नाही, मग तो कितीही घट्ट बसवलेला असो. ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरमध्ये मुख्य कॅमेऱ्याच्या पुढे एक लहानसा लोलक असतो आणि तो प्रकाशझोताच्या कडेचा थोडा भाग बाजूच्या गाइड कॅमेऱ्याकडे वळवतो. दोन्ही कॅमेरे एकाच आरशातून पाहत असल्यामुळे आरसा कलला, तर गाइड ताराही तितकाच सरकतो आणि ती चूक दुरुस्त होते.

याची किंमत अशी, की गाइड कॅमेऱ्याला आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो. रिड्यूसर लावल्यावर आपले नाभीय अंतर सुमारे १२८० मिलिमीटर होते. आधीच्या उत्तरातल्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४.८ बाय ३.६ मिलिमीटरचा असतो, आणि त्यात आकाशाचा जेमतेम १३ बाय १० कलांचा भाग मावतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात तेवढ्यात तारे मिळतात, पण वसंतात सिंह किंवा कन्या राशीतल्या दीर्घिकांचे फोटो घेताना एकही चांगला तारा सापडत नाही. म्हणून मोठ्या सेन्सरचा महाग गाइड कॅमेरा इथे खरोखर उपयोगाचा आहे. एएसआय १७४ एमएम मिनीचा सेन्सर ११.३ बाय ७.१ मिलिमीटरचा आहे. त्याला छोट्या सेन्सरच्या साडेचार पटींहून अधिक आकाश दिसते आणि त्याचा ५.८६ मायक्रॉनचा पिक्सेल आपल्या दुर्बिणीवर ०.९४ विकला व्यापतो, जे गायडिंगला अगदी योग्य आहे.

लोलक मुख्य सेन्सरच्या लांब बाजूवर येईल असा बसवावा आणि सेन्सरवर सावली पडणार नाही इतपतच आत सरकवावा. दोन्ही कॅमेऱ्यांचा फोकस जुळवण्याचे काम रात्री करू नये. दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरवर आधी मुख्य कॅमेऱ्याचा फोकस करावा, मग त्याला हात न लावता गाइड कॅमेरा त्याच्या नळीत वर-खाली करून टॉवरच्या सळया स्पष्ट दिसतील तिथे पक्का करावा. झोताच्या कडेचा गाइड तारा थोडा पिसाऱ्यासारखा दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

आपल्या मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.६ विकलांचा आहे. उन्हाने तापलेल्या गच्चीवरून आपल्याकडची हवा इतकी स्थिर क्वचितच मिळते, आणि ही मर्यादा कोणत्याही गायडरने ओलांडता येत नाही. चार-चार पिक्सेल एकत्र करून फोटो घ्यावेत आणि स्लॅबमधली उष्णता निघून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-अकरा वाजेपर्यंत थांबून काम सुरू करावे.

प्रश्न : १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या न्यूटोनियन दुर्बिणीला मी कोमा करेक्टर आणि कॅननचा डीएसएलआर लावतो. आरशाच्या दुर्बिणीला ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर चांगला, असे वाचले. तो घ्यावा का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : डीएसएलआर वापरत असेपर्यंत घेऊ नये, कारण तो बसायला जागाच राहत नाही. कोमा करेक्टर म्हणजे चित्राच्या कडेचे तारे पिसाऱ्यासारखे होऊ न देणारे भिंग. बहुतेक कोमा करेक्टरांना आपल्या मागे सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर हवे असते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या कडीपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत असतो, आणि कॅमेरा जोडण्याची टी-रिंग उरलेले ११ मिलिमीटर घेते. मध्ये लोलकाचा डबा घातला, तर अंतर वाढून कडेचे तारे पुन्हा पिसारे धरू लागतील आणि कोमा करेक्टर घेण्याचा हेतूच संपेल.

आपल्या दुर्बिणीबरोबर ९ बाय ५० चा शोधक (वस्तू शोधायची छोटी दुर्बीण) मिळाला असेल, तर नवा गाइड स्कोप घेण्याचीही घाई नको. त्याचे नाभीय अंतर १८० मिलिमीटरच्या आसपास असते. मागचे नेत्रिकेचे भिंग काढून तिथे एक छोटी जोडकडी लावली, की गाइड कॅमेरा बसतो आणि एका पिक्सेलला सव्वाचार विकला मिळतात. आपल्या फोटोतला पिक्सेल एका विकलेचा असल्याने चौपटीच्या नियमाच्या हे अगदी काठावर आहे, तरी दोन-तीन मिनिटांच्या एक्स्पोजरला पुरते. शोधकाच्या पकडीत जे रबरी कडे आणि स्प्रिंगचा स्क्रू असतो, ते मात्र काढून टाकावे. पहिल्या उत्तरात सांगितलेला दोष तिथेच लपलेला असतो.

प्रश्न : आमच्या शेतात आकाश फार काळोखे आहे. गाइड स्कोप, कॅमेरा सगळे आहे, तरी मध्यरात्रीनंतर गायडिंग बिघडत जाते. शिवाय उत्तरेला मोठा लिंब असल्याने ध्रुवतारा दिसत नाही. अधिक चांगला गायडर घेतल्याने हे सुटेल का?
— एक शेतकरी वाचक, सेलू

उत्तर : नवा गायडर घेऊन हे सुटणार नाही. आपल्या वर्णनावरून दोष जमिनीत असावा, असे मला वाटते. आपण माउंट कुठे उभे करता, ते पत्रात लिहिलेले नाही. पण ते काळ्या रानात असेल, आणि त्यातही शेजारच्या ज्वारीला किंवा हरभऱ्याला पाणी दिलेले असेल, तर स्टँडचे टोकदार पाय रात्रभर थोडे-थोडे खचत राहतात. तीन पायांमधले अंतर साधारण ९० सेंटिमीटर धरले, तर एक पाय अवघा १ मिलिमीटर खचल्याने संपूर्ण माउंट सुमारे ४ कलांनी कलते. माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवापासून ५ कला चुकला, तर तारा मिनिटाला १.३ विकलांपर्यंत घसरू शकतो. संध्याकाळी अक्ष कितीही नेमका जुळवलेला असला, तरी मध्यरात्रीपर्यंत ती जुळणी शिल्लक राहत नाही. गायडर ही घसरण काही काळ सावरून धरतो, परंतु अक्ष चुकलेला असताना सगळे चित्र गाइड ताऱ्याभोवती फिरू लागते, आणि ते फिरणे कोणताही गायडर थांबवू शकत नाही.

माउंट बांधावर किंवा मुरमाड जागेवर मांडावे. तशी जागा नसेल, तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा हातभर लांब-रुंद तुकडा, शक्यतो संध्याकाळी लवकर, माती चोपून बसवावा. फरशी बसायला तासभर दिला, की मग ध्रुव जुळवावा आणि फोटो सुरू झाल्यावर स्टँडच्या अवतीभोवती चालू नये. जागा कायमची ठरली असेल, तर उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असताना मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून सिमेंटचा खांब उभा करावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून वरवर ओतलेला चबुतरा दर वर्षी थोडा कलतो. रात्रीची वीज असेल, तेव्हा पाण्याच्या पाळीवर येणाऱ्यांना आपण कुठे आहोत ते आधी सांगून ठेवावे, कारण बॅटरीचा एक झोत पाच मिनिटांचा फोटो वाया घालवतो.

ध्रुवाचा प्रश्न आपल्या सगळ्या भागाचा आहे. ध्रुवाची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, आणि मराठवाडा साधारण १८ ते २० अंशांवर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून इतका खाली असतो, की एखादे झाड किंवा शेजारचे घर तो सहज झाकते. इतक्या खाली हवेतल्या अपवर्तनाने तो अडीच ते तीन कला उचललेलाही दिसतो. तेव्हा लिंबाला हात लावू नये. एन-आय-एन-ए या मोफत सॉफ्टवेअरच्या तीन बिंदूंच्या पद्धतीत ध्रुवतारा दिसण्याची गरज नसते : आकाशाच्या मोकळ्या भागात विषुवांश अक्ष फिरवत तीन फोटो घेतले जातात, त्यांतल्या ताऱ्यांवरून अक्ष नेमका कुठे रोखला आहे ते कळते, आणि मग पडद्यावर पाहत माउंटचे उंचीचे व दिशेचे स्क्रू फिरवून चूक कमी करता येते. माउंट फरशीवर असेल, तर ही जुळणी पहाटेपर्यंत टिकते, आणि टिकते की नाही हे मध्यरात्री एकदा पुन्हा मोजून पाहता येते.

प्रश्न : कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या छोट्या ट्रॅकरवर कॅमेरा आणि १३५ मिलिमीटरची लेन्स लावून मी फोटो घेतो. मला गायडिंग हवे का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आता नको. आपल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल चार मायक्रॉनच्या आसपास असेल, तर एका पिक्सेलमध्ये सहा विकला येतात, आणि ध्रुव नीट जुळवलेला असेल, तर एक ते दीड मिनिटाचे एक्स्पोजर गायडिंगशिवाय गोल तारे देते. लांब एक्स्पोजरपेक्षा जास्त संख्येने फोटो घेऊन ते एकत्र करावेत. पैसे असतील, तर ते दव रोखणाऱ्या हीटरच्या पट्टीवर खर्च करावेत. डिसेंबर-जानेवारीत गोदावरीच्या काठच्या गावांत मध्यरात्रीनंतर लेन्स ओली होते. पुढे गाइड स्कोप घ्याल, तेव्हा त्याच्या भिंगालाही अशी पट्टी लावावी लागेल, कारण तारा हरवल्याची सूचना पडद्यावर आली, की निम्म्या वेळा त्याचे कारण भिंगावरचे दव असते.

प्रश्न : गाइड कॅमेरा माउंटच्या एसटी-४ सॉकेटला जोडावा, की लॅपटॉपमार्फत केबलने? पीएचडी-२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी एकूण चूक १.१ विकला दिसते. ती चांगली की वाईट? ग्रह टिपण्याचा माझा रंगीत कॅमेरा गायडिंगला चालेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रंगीत कॅमेरा चालेल. त्याला अंधुक तारे थोडे कमी दिसतील, पण छोट्या गाइड स्कोपला आकाशाचा मोठा भाग दिसत असल्याने एखादा ठळक तारा मिळतोच. नवा घेताना एकरंगी घ्यावा. हातात असलेला रंगीत कॅमेरा टाकून देण्याचे कारण नाही.

एसटी-४ हे नाव एसबिग कंपनीच्या एका जुन्या गायडिंग कॅमेऱ्यावरून पडले आहे. टेलिफोनच्या पिनेसारख्या दिसणाऱ्या या सहा तारांच्या जोडणीतून माउंटला फक्त चार दिशांचे इशारे जातात. दुर्बीण आकाशात कुठे रोखली आहे, हे लॅपटॉपला त्यातून कळत नाही. थेट केबलने माउंट लॅपटॉपला जोडले, तर सॉफ्टवेअरला दुर्बिणीची क्रांती, म्हणजे ती वैषुविक वृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला रोखली आहे, ते कळते, ती माउंटच्या कोणत्या बाजूला उलटली आहे तेही कळते, आणि एकदा केलेले कॅलिब्रेशन, म्हणजे कोणत्या इशाऱ्याने तारा किती व कुठे सरकतो याची मोजणी, दुसऱ्या वस्तूकडे वळल्यावरही वापरता येते. म्हणून माउंटला तशी सोय असेल, तर केबलच घ्यावी. कॅलिब्रेशन मात्र वैषुविक वृत्त आणि मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) जिथे छेदतात तिथे करावे. आपल्याकडे ती जागा दक्षिणेला सुमारे ७० अंश उंचीवर असते. जानेवारीत रात्री मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे दक्षिणेला डोक्याजवळ आले, की त्यांतला पश्चिमेकडचा तारा जवळजवळ वैषुविक वृत्तावरच असतो. त्याच्या आसपास कॅलिब्रेशन उत्तम होते.

१.१ विकला चांगली की वाईट, हे आपल्या फोटोतल्या पिक्सेलवर ठरते, आणि आपण दुर्बीण कळवलेली नाही. एक पिक्सेल दोन विकलांचा असेल, तर ही चूक निम्म्या पिक्सेलएवढी आहे आणि तारे गोलच येतील. एक पिक्सेल ०.६ विकलांचा असेल, तर ती जास्त आहे. एकूण आकड्याइतकेच विषुवांश आणि क्रांती यांचे वेगवेगळे आकडे पाहावेत. दोन्ही ०.८ च्या जवळपास असतील, तर तारे गोल राहतात, फक्त थोडे फुगतात; एक ०.४ आणि दुसरा १.० असेल, तर एकूण बेरीज तितकीच असूनही तारे लांबट होतात.

चूक कमी करण्यासाठी आकड्यांशी खेळण्याआधी गाइड कॅमेऱ्याचे एक्स्पोजर तपासावे. ते अर्ध्या सेकंदाचे असेल, तर आपण माउंटच्या चुकीऐवजी हवेच्या थरथरीमागे धावत आहात. दोन ते तीन सेकंद ठेवले, की ती थरथर आपोआप सरासरीत विरते. हार्मोनिक गिअरची नवी हलकी माउंटे याला अपवाद आहेत, कारण त्यांची आवर्ती त्रुटी मोठी आणि तिचा चढ-उतार वेगवान असतो. त्यांना एका सेकंदाचे किंवा त्याहून कमी एक्स्पोजर लागते. क्रांतीच्या दिशेत आलेख एका बाजूला जाऊन बराच वेळ तिथेच अडकत असेल, तर तिथल्या गिअरच्या दात्यांमध्ये मोकळीक आहे. अशा वेळी ध्रुवाची जुळणी एक-दोन कला मुद्दाम चुकलेली ठेवून क्रांतीची दुरुस्ती एकाच दिशेने होऊ द्यावी, आणि विषुवांश अक्षाचा तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवावा, म्हणजे दाते नेहमी एकाच बाजूला टेकून राहतात. हे केल्यावर पीएचडी-२ मधला गायडिंग असिस्टंट दहा मिनिटे चालू ठेवावा. त्या वेळात तो दुरुस्ती बंद ठेवून आपले माउंट स्वतः किती हलते, हे मोजतो. ते आकडे आणि दुर्बिणीचे नाभीय अंतर कळवलेत, तर पुढच्या अंकात आपल्या साहित्याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.